डॅलसची पारख

२५ जून २०१५ ची रात्र. ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट चालू होता. न्यूयॉर्क निक्सची पाळी चौथी होती. आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर यांनी नाव वाचलं, क्रिस्टॅप्स पोरझिंगिस, आणि सभागृहातल्या निक्सच्या चाहत्यांनी एकच हुर्यो उडवली. लात्व्हियाचा एकोणीस वर्षांचा, सव्वासात फुटी, काटकुळा पोरगा टोपी घालून मंचाकडे चालत गेला. प्रेक्षकांत निक्सची जर्सी घातलेला एक लहानगा रडकुंडीला आला होता, तो कॅमेऱ्याने नेमका टिपला. पुढे काही महिन्यांतच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये याच पोरझिंगिसच्या नावाचा गजर होऊ लागला, आणि तो रडणारा मुलगा उगाचच प्रसिद्ध झाला.

त्याच रात्री, त्याच इमारतीत, निम्मी गर्दी घरी गेल्यावर बावन्नावं नाव पुकारलं गेलं: सतनाम सिंग. निवडणारा संघ डॅलस मॅव्हरिक्स. भारतात तेव्हा सकाळ होती. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये भारतात जन्मलेल्या खेळाडूची निवड होण्याची ती पहिलीच वेळ. पंजाबातल्या बर्नाला जिल्ह्यातलं बल्लो के हे गाव दिवसभर दूरचित्रवाणीवर झळकत राहिलं.

परदेशी पोराला निवडायचं, त्याच्यावर आशा लावायची, कधी डोक्यावर घ्यायचं आणि कधी बोटं मोडायची, हे सगळं नीट पाहायचं तर डॅलससारखं दुसरं शहर नाही. गेल्या पाव शतकात या एका संघाच्या चाहत्यांनी ड्राफ्टचे जितके रंग पाहिले, तितके क्वचितच कुणाच्या वाट्याला आले असतील. आणि माझं स्पष्ट मत असं की त्यातून हे चाहते खेळाडू पारखायला शिकले. त्यांच्या संघाचं कार्यालय मात्र शिकलेलं विसरलं.

ड्राफ्ट म्हणजे आपल्या आयपीएलसारखा लिलाव नव्हे. तिथे बोली लागत नाही. आधीच्या मोसमात ज्यांची कामगिरी वाईट, त्यांची पाळी साधारणपणे आधी. अगदी वरच्या पाळ्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखी सोडत होते, तिला लॉटरी म्हणतात. तीस संघ, दोन फेऱ्या, साठ नावं. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पगारही पाळीच्या क्रमांकावरून ठरतो. त्यामुळे पैसेवाला संघ पैशाच्या जोरावर चांगला पोरगा उचलू शकत नाही. हरणाऱ्या संघाच्या चाहत्याला फेब्रुवारी-मार्चचे सामने बघवत नाहीत, पण जूनची तो चातकासारखी वाट बघतो. कोणता मुलगा कितव्या क्रमांकावर मिळेल, कुणाचे हात लांब, कुणाचे पाय जड, याच्या याद्या करण्यात त्याचा वसंत जातो.

अमेरिकी कॉलेजांतून येणाऱ्या मुलांबद्दल या याद्यांना काही आधार असतो. मार्चमध्ये कॉलेजांची मोठी स्पर्धा घरोघरी पाहिली जाते, मुलगा दबावाखाली कसा खेळतो हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. परदेशातून येणाऱ्याचं तसं नव्हतं. नव्वदच्या दशकात तर युरोपातला सामना अमेरिकेतल्या चाहत्याला दिसायचाच नाही. एखादी व्हिडिओ कॅसेट, कुणा प्रशिक्षकाचा शब्द, वर्तमानपत्रातल्या चार ओळी. ज्याला पाहिलं नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? न्यूयॉर्कची ती हुर्यो अडाणीपणातून आली असं म्हणणं सोपं आहे. ती भीतीतून आली होती, असं मला वाटतं. २००३ साली डेट्रॉइटने कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश, ड्वेन वेड यांच्या आधी, दुसऱ्या क्रमांकावर सर्बियाचा डार्को मिलिचिच घेतला होता आणि तो पुढे फारसा चमकला नाही. त्याच्या आधीच्या वर्षी डेन्व्हरने जॉर्जियाचा निकोलोझ त्स्कितिश्विली पाचव्या क्रमांकावर घेतला, तोही टिकला नाही. चाहत्यांच्या मनात ही नावं खोल रुतून बसतात. नव्या पोराच्या माथी जुन्याचं अपयश मारलं जातं, तो वेगळ्या देशाचा असला तरी.

डॅलसची गोष्ट मात्र डार्कोच्याही आधी सुरू होते.

मॅव्हरिक्स संघ १९८० चा. पहिली काही वर्षं बरी गेली, मग उतरण लागली ती भयानक. १९९२-९३ च्या मोसमात ८२ पैकी ११ विजय, पुढच्या मोसमात १३. १९९४ साली दुसऱ्या क्रमांकावर जेसन किड मिळाला, तोही दोन-अडीच वर्षांत दुसरीकडे पाठवला गेला. अशा संघाला १९९८ च्या ड्राफ्टमध्ये सहावी पाळी मिळाली. संघाचे प्रशिक्षक डॉन नेल्सन यांनी मिशिगन विद्यापीठाचा धिप्पाड रॉबर्ट ट्रेलर निवडला आणि लगेच तो मिलवॉकीला देऊन टाकला. बदल्यात घेतला नवव्या क्रमांकावरचा एक जर्मन मुलगा, डर्क नोवित्स्की, आणि एकोणिसाव्या क्रमांकावरचा पॅट गॅरिटी. गॅरिटीला पुढे फिनिक्सकडे धाडून स्टीव्ह नॅश मिळवण्यात आला. आज वाचताना हा व्यवहार जादूसारखा वाटतो. तेव्हाच्या चाहत्यांपुढे चित्र वेगळं होतं. ज्या दांडग्या मुलाला त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं तो गेला, आणि वुर्त्सबुर्ग नावाच्या गावातल्या दुसऱ्या श्रेणीच्या क्लबमधला वीस वर्षांचा एक लाजाळू पोरगा आला.

नोवित्स्कीच्या मागे एक विलक्षण माणूस उभा होता, होल्गर गेश्विंडनर. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीकडून खेळलेला. या माणसाने चेंडूची कमान कागदावर गणिताने मांडली, उंच पोराच्या हाताला शोभेल अशी फेक बसवून घेतली, आणि त्याला सॅक्सोफोनही वाजवायला लावला. त्याचा परिणाम मार्च १९९८ मध्ये टेक्ससातच दिसला. सॅन अँटोनिओला अमेरिकेच्या निवडक कुमार खेळाडूंविरुद्ध जगातल्या निवडक कुमारांचा सामना झाला. नोवित्स्कीने ३३ गुण आणि १४ रिबाउंड केले आणि त्याचा संघ जिंकला. नेल्सन यांचा मुलगा डॉनी डॅलसमध्ये सहायक होता. परदेशी खेळाडूंचं जग त्याच्याइतकं फार थोड्यांना ठाऊक होतं. बापलेकांची खात्री पटलेली होती. चाहत्यांची पटायला अजून बराच अवकाश होता.

पहिला मोसम मालक-खेळाडूंच्या वादामुळे ५० सामन्यांचाच झाला. डॅलस १९ जिंकलं, ३१ हरलं. नोवित्स्कीची सरासरी ८.२ गुण. बचावात तो इतका कच्चा होता की 'डिफेन्स'चा डी काढून लोक त्याला नुसतं 'अर्क' म्हणू लागले. दुसऱ्या मोसमात सरासरी १७.५ वर गेली. तिसऱ्यात संघ बाद फेरीत पोहोचला. २००७ मध्ये नोवित्स्की एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, हा मान मिळवणारा पहिला युरोपीय. आणि त्याच वसंतात त्याचा अव्वल संघ पहिल्याच फेरीत आठव्या मानांकित गोल्डन स्टेटकडून हरला. २००६ ची अंतिम फेरी २-० अशा आघाडीवरून मायामीला गमावून बसल्याची जखम तर ताजीच होती. 'मऊ आहे, मोठ्या सामन्यात ढेपाळतो,' हे दूषण युरोपीय खेळाडूंना सरसकट लावलं जाई, ते त्याच्या गळ्यात चार वर्षं अडकून राहिलं. १२ जून २०११ ला त्याच मायामीला त्यांच्याच मैदानावर हरवून डॅलसने पहिलं विजेतेपद मिळवलं तेव्हा तेरा मोसम उलटले होते. शेवटची शिटी वाजताच नोवित्स्की कुणाला न भेटता ड्रेसिंग रूमच्या दिशेने निघून गेला, डोळे पुसायला. रॉबर्ट ट्रेलर त्याच्या महिनाभर आधी, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, हे जग सोडून गेला होता. ड्राफ्टच्या जुन्या याद्या वाचताना प्रत्येक क्रमांकामागे एक माणूस असतो याचं भान ठेवावं लागतं.

तेरा मोसम! एवढी वर्षं डॅलसने या पोराला संभाळून घेतलं. त्या वर्षांत चाहत्यांनी नाकं मुरडली नाहीत असं नाही. पण ती परक्यावरची नव्हे तर घरातल्या माणसावरची कुरकुर होती. त्यातूनच त्या शहराला कळलं की विशीतल्या पोराचं माप पहिल्या मोसमात काढायचं नसतं, आणि बचावात कच्चा म्हणजे कामाचा नाही असंही नसतं.

आता हेही खरं की धीर धरला म्हणून दर वेळी फळ मिळतंच असं नाही. १९९९ मध्ये डॅलसने ३६ व्या क्रमांकावर चीनचा वांग झिझी घेतला. त्याच्यासाठी दोन वर्षं थांबावं लागलं. २००१ मध्ये तो मैदानात उतरला तेव्हा एनबीएत खेळणारा तो पहिला चिनी ठरला, पण डॅलसमध्ये रुजला नाही. आणि मला सर्वांत चटका लावतो तो रॉड्रिग बोब्वा. ग्वादेलूपचा, फ्रेंच, वाऱ्यासारखा पळणारा गार्ड, २००९ मधली २५ वी निवड. मार्च २०१० मध्ये गोल्डन स्टेटविरुद्ध त्याने ४० गुण ठोकले आणि डॅलसचे चाहते अक्षरशः वेडे झाले. नोवित्स्कीनंतरचा आपला माणूस सापडला, अशी सगळ्यांची समजूत झाली. त्याच उन्हाळ्यात फ्रान्सच्या सराव शिबिरात त्याच्या पायाचं हाड मोडलं. तो परतला, पण तो वेग परतला नाही. २०१३ मध्ये डॅलस सोडून तो युरोपात गेला आणि तिथे इस्तंबूलच्या अनाडोलू एफेसकडून सलग दोनदा युरोलीग जिंकला. चाहत्यांचा अंदाज फसला असं म्हणून त्यांची टिंगल करणारे तेव्हाही होते. मला ते मान्य नाही. त्यांनी जे पाहिलं ते खरं होतं. हाड मोडणार हे कुणाला दिसणार होतं?

बोब्वा गेला त्याच २०१३ च्या ड्राफ्टमध्ये डॅलसकडे तेरावी पाळी होती. ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीत खेळणारा यानिस आंतेतोकुन्पो तोवर कुणी उचलला नव्हता. डॉनी नेल्सनला तो हवा होता, हे नंतर उघडपणे बोललं गेलं. पण मालक मार्क क्युबन यांना बड्या खेळाडूला करारबद्ध करण्यासाठी पगाराच्या मर्यादेत जागा हवी होती. डॅलस पाळी विकत विकत अठराव्या क्रमांकापर्यंत खाली सरकलं, यानिस पंधराव्यावर मिलवॉकीला गेला, आणि तो बडा खेळाडू, ड्वाइट हॉवर्ड, शेवटी डॅलसला आलाच नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं याहून वेगळं काय असतं? यानिसने २०१९ आणि २०२० मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. २०१९ पासून २०२५ पर्यंत सलग सात वर्षं तो मान अमेरिकेबाहेर जन्मलेल्यांकडेच गेला आहे. त्यात सर्बियाचा निकोला योकिच तीनदा, जो २०१४ मध्ये एक्केचाळिसाव्या क्रमांकावर निवडला गेला होता. त्याचं नाव पुकारलं तेव्हा दूरचित्रवाणीवर एका खाद्यपदार्थाची जाहिरात चालू होती.

सतनाम याच परंपरेत डॅलसला आला. फ्रिस्कोत मॅव्हरिक्सचा दुय्यम संघ, टेक्सस लेजंड्स, खेळतो. फ्रिस्को, प्लेनो, अर्व्हिंग ही उपनगरं म्हणजे भारतीयांची वस्ती. मराठी कुटुंबंही तिथे भरपूर आहेत. 'आपला' खेळाडू घराजवळच्या मैदानावर पाहायला मिळणं ही तिथल्या भारतीयांसाठी नवलाईच होती. सात फूट दोन इंचांचा हा शेतकऱ्याचा मुलगा लुधियानाच्या अकादमीत खेळ शिकला, २०१० मध्ये शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेला, आणि कॉलेज बास्केटबॉल न खेळता थेट ड्राफ्टमध्ये उतरला. एनबीएच्या मुख्य मोसमात त्याला एकही सामना मिळाला नाही. लेजंड्समध्येही तो बहुतेक वेळ बाकावरच होता.

भारतात आपण सतनामचं कौतुक केलं ते 'पहिला' म्हणून. त्याचा खेळ कसा आहे, हे कुणी फारसं विचारलं नाही. नोवित्स्की दुसऱ्या श्रेणीत खेळत असला तरी ती व्यावसायिक स्पर्धा होती, तिथे दर आठवड्याला पोक्त माणसांशी धक्काबुक्की होती. पुढे डॅलसला आलेला स्लोव्हेनियाचा लुका डॉन्चिच तेराव्या वर्षी रेआल माद्रिदच्या अकादमीत गेला. सतनामला त्या वयात असं काहीच मिळालं नाही. भारतात तेव्हा पुरुषांसाठी टिकाऊ व्यावसायिक लीगच नव्हती. मुंबईत नागपाड्याच्या गल्लीतल्या मैदानाने, पुण्यात डेक्कन जिमखान्याने पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू घडवले. पण राष्ट्रीय स्पर्धा आणि नोकरीतला संघ, याच्या पुढची पायरीच बांधलेली नव्हती. सतनामचं माप काढताना हे विसरणं अन्याय होईल.

डॉन्चिचचं नाव आलंच आहे. २०१७-१८ मध्ये डॅलस ५८ सामने हरलं. तोवर काळ बदलला होता. माद्रिदमध्ये रात्री साडेआठला सुरू होणारा सामना डॅलसमध्ये दुपारी दीडला दिसत होता, आणि चाहते तो ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत फोनवर पाहत होते. अठरा वर्षांचा मुलगा स्लोव्हेनियाकडून युरोपचं अजिंक्यपद जिंकतो, मे २०१८ मध्ये बेलग्रेडला युरोलीग जिंकतो, तिथे मोसमाचा आणि अंतिम टप्प्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरतो, हे सगळं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही तज्ज्ञांच्या शंका जुन्याच होत्या: पायात वेग नाही, उडी नाही, शरीर स्थूल आहे. फिनिक्सने पहिल्या क्रमांकावर डिआंड्रे एटन घेतला. साक्रामेंटो किंग्जने दुसऱ्यावर मार्व्हिन बॅगली. तिसऱ्यावर अटलांटाने डॉन्चिचला निवडलं आणि डॅलसच्या पाचव्या निवडीच्या, म्हणजे ट्रे यंगच्या, व पुढच्या वर्षीच्या एका निवडीच्या बदल्यात डॅलसला देऊन टाकलं. व्यवहारामागे पुन्हा डॉनी नेल्सनच होता.

साक्रामेंटोबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण या संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईचे. २०१३ मध्ये त्यांनी संघ घेतला, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांचा संघ इंडियाना पेसर्सशी दोन सामने खेळायला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये आला. भारतातले एनबीएचे ते पहिले सामने. पहिल्या सामन्याला प्रेक्षक म्हणून हजारो शाळकरी मुलं होती, आणि पेसर्सनी तो जादा वेळेत एका गुणाने जिंकला. त्या दौऱ्यात बॅगली होता. ज्याला साक्रामेंटोने सोडलं तो डॉन्चिच तेव्हा वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरून बसला होता. संघाचे जनरल मॅनेजर व्लादे दिवाच हे स्वतः सर्बियाचे, युरोपातून एनबीएत येऊन नाव काढणाऱ्या पहिल्या पिढीतले. युरोपचा खेळ ज्याने आतून पाहिला त्यानेच युरोपचा पोरगा सोडला, हे साक्रामेंटोचे चाहते अजून पचवू शकलेले नाहीत. जवळून ओळख असली म्हणजे पारख अचूक होतेच असं नाही, एवढं मात्र त्यातून दिसतं.

डॅलसमध्ये डॉन्चिचला जुन्या माणसाच्या शेवटच्या मोसमात सोबत करायला मिळाली. नोवित्स्की २०१९ मध्ये, एकाच संघाकडून २१ मोसम खेळून निवृत्त झाला. डॉन्चिच २०२० पासून सलग पाच वर्षं एनबीएच्या सर्वोत्तम पाचांत निवडला गेला, आणि २०२४ मध्ये त्याने संघाला अंतिम फेरीत नेलं. दरम्यान कार्यालय बदलत होतं. जून २०२१ मध्ये डॉनी नेल्सन गेला, त्याच्या जागी नायकी कंपनीतून निको हॅरिसन आले. डिसेंबर २०२३ मध्ये क्युबन यांनी बहुतांश मालकी विकली. १९९८ चा पाठ ज्यांनी गिरवला होता त्यांच्यापैकी निर्णय घेण्याच्या जागी कुणी उरलं नाही. तो पाठ उरला फक्त चाहत्यांकडे.

१ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री उशिरा बातमी आली की डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सला दिला. बदल्यात बत्तिशीच्या उंबरठ्यावरचा अँथनी डेव्हिस, तरुण मॅक्स ख्रिस्टी आणि लेकर्सची २०२९ मधली पहिल्या फेरीतली निवड. बातमी देणाऱ्या पत्रकाराचं खातं कुणीतरी हॅक केलं असावं, असंच आधी लोकांना वाटलं. हॅरिसन यांनी कारण दिलं बचावाचं: विजेतेपदं बचावावर मिळतात. 'अर्क'ला तेरा मोसम सांभाळून विजेतेपद मिळवलेल्या शहराला हे सांगितलं जात होतं! दुसऱ्या दिवशी लोक अमेरिकन एअरलाइन्स सेंटरबाहेर नोवित्स्कीच्या पुतळ्यापाशी जमले. कुणी फुलं ठेवली, कुणी चक्क शवपेटी आणून ठेवली. डॉन्चिच लेकर्सकडून पहिला सामना खेळला तेव्हा तो पाहायला स्वतः नोवित्स्की लॉस एंजेलिसला गेला. डेव्हिस डॅलसकडून पहिल्याच सामन्यात जखमी झाला. मार्चमध्ये डॅलसच्याच कायरी अर्व्हिंगचा गुडघा गेला. ९ एप्रिलला डॉन्चिच पाहुणा म्हणून डॅलसला आला, त्याच्यावरची चित्रफीत पाहताना बाकावर बसून रडला, आणि मग त्याने ४५ गुण केले. हॅरिसनना काढा, अशा घोषणा त्या रात्री सबंध सामनाभर चालू होत्या.

यापुढचं कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं. डॅलसने मोसम ३९ विजय आणि ४३ पराभवांवर संपवला, म्हणजे लॉटरीत जेमतेम जागा. लॉटरी कशी होते ते पाहण्यासारखं आहे. एका बंद खोलीत, संघांच्या प्रतिनिधींचे फोन काढून घेऊन, यंत्रात १ ते १४ क्रमांकांचे चेंडू घोळले जातात आणि चार बाहेर काढले जातात. चार चेंडूंच्या १००१ जोडण्या होऊ शकतात. त्यातली एक बाद धरतात आणि उरलेल्या १००० संघांना वाटून देतात. सर्वांत वाईट तीन संघांना प्रत्येकी १४०. डॅलसच्या वाट्याला अठरा. १२ मे २०२५ ला शिकागोत त्या अठरांपैकीच एक जोडणी निघाली. मंचावर डॅलसतर्फे बसला होता रोलांडो ब्लॅकमन, पनामात जन्मलेला, १९८१ च्या ड्राफ्टमध्ये डॅलसने निवडलेला. डॉन्चिच गेला त्याची ही भरपाई ठरवून दिली, असं म्हणणारे बरेच निघाले. खोलीत इतर संघांचे डोळे असताना, पत्रकार आणि हिशेबतपासनीस असताना हे मला पटत नाही. निव्वळ योग होता.

२५ जूनला डॅलसने कूपर फ्लॅग निवडला. मेन राज्यातल्या न्यूपोर्टचा, ड्यूक विद्यापीठाचा अठरा वर्षांचा मुलगा. या खेपेला परदेशी नाही, आणि शंका कुणालाच नव्हती. त्याला सगळ्या देशाने पाहिलं होतं. डॅलसच्या चाहत्यांनी त्याचं मनापासून स्वागत केलं, पण हॅरिसन यांना माफी दिली नाही. चांगला पोरगा पदरात पडला म्हणून आधीची चूक बरोबर ठरत नाही, हा फरक त्यांनी काटेकोर ठेवला. मोसम सुरू झाल्यावर प्रशिक्षक जेसन किड यांनी, हो, तोच १९९४ चा किड, फ्लॅगला पॉइंट गार्डच्या जागी खेळवलं. नवख्यावर एवढा भार कशाला, यावर डॅलसमध्ये रोज खडाजंगी झाली. तीन विजय आणि आठ पराभव झाल्यावर, ११ नोव्हेंबर २०२५ ला हॅरिसन यांना पदावरून दूर केलं गेलं.

फ्लॅग त्या दिवशी अजून एकोणीस वर्षांचाही झाला नव्हता. नोवित्स्कीच्या पहिल्या मोसमाचे आकडे ज्यांना पाठ आहेत, ते त्याचं माप इतक्यात काढणार नाहीत. आणि व्यवहारात मिळालेली लेकर्सची निवड २०२९ ची आहे. ज्याच्या नावावर ती खर्च होईल तो आज बहुधा शाळेत असेल, मेनमध्ये, ल्युब्लियानात किंवा आणखी कुठे. व्यवहाराचा अखेरचा हिशेब त्याला पाहिल्यावरच मांडता येईल, आणि तो मांडायला डॅलसचे चाहते हजर असतील.